कप्तान स्वतः येणार

"उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, टपालताई. आणि खाली सही कप्तानाची. नटाची नाही. नट काय, येतील आणि जातील."

निर्माते हे बोलले त्याला एकतीस वर्षं झाली. ते स्वतः जाऊनही बारा वर्षं झाली. त्यांची अंतराळातली मालिका मात्र चालूच होती, एखाद्या जुनाट आजाऱ्याने केवळ सवयीने श्वास घेत राहावं तशी. तिच्यातला कप्तान एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना बर्फाच्या पेटीत लांब झोप घेई. नट मालिकेला कंटाळला, किंवा मालिका नटाला कंटाळली, की कप्तानाला पेटीत झोपवत. उठताना चेहरा दुसरा, आठवणी त्याच. असे चार कप्तान झाले होते. त्यातला पहिला खरोखरच कायमचा झोपला. उरले तीन.

या चौघांच्याही नावाने प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं लिहिली ती टपालताईंनी. स्टुडिओच्या मागे जिन्याखालच्या खोलीत त्या बसत. डोक्यावर ओल धरलेलं छत, समोर एक टेबल. पूर्वी पत्रं पोत्यांनी येत. आता आठवड्याला दोन आली तरी भरपूर, आणि त्यातलंही एक शेजारच्या छापखान्याचं असे. पण नेम तो नेम. पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर.

त्या सोमवारी आलेलं पत्र वाचून मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

'कप्तान, मी पडदे शिवते. नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, मग वर्षानुवर्षं लिहीत राहिले. त्या पहिल्याच उत्तरात तुम्ही लिहिलंत, ज्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटेल त्या दिवशी कळव, मी येईन. चेहरा कुठलाही असो. कप्तान, तो दिवस आलाय. येत्या गुरुवारी सकाळी नऊला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. सोबत कोणी नाही. वॉर्ड दुसरा, खाट चौदा.'

टपालताईंना ते वाक्य आठवलं. लिहिलं त्या दिवशी त्यांची स्वतःची आई इस्पितळात होती. ते नेमकं कोणासाठी लिहिलं, हे त्यांनाही तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं. पण लिहिलं होतं, आणि खाली सही कप्तानाची होती. म्हणजे आता कप्तान हजर करणं भाग होतं.

ते पत्र गेलं तेव्हा दुसरा कप्तान कामावर होता. टपालताई आधी त्याच्याकडे गेल्या. म्हातारा खिडकीपाशी गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता.

"मी शब्द दिला?" तो म्हणाला. "ताई, मी फक्त करारावर सही केली होती."

"पण कप्तान तर तुम्हीच होतात ना!"

"होतो ना. मग काय केलं माझं? पेटीत झोपवलं आणि उठवलं त्या तिसऱ्याला. माझ्याच गादीवर! गादी गरम होती अजून. निरोपाचा एक संवाद तरी दिला का मला?"

"नाही दिला," टपालताई हळूच म्हणाल्या. "चुकलंच ते."

म्हाताऱ्याला इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. तो जरा गडबडला. पण लगेच सावरून म्हणाला, "एकशे बारावा भाग बघा. माझ्या सगळ्या आठवणी तिसऱ्याकडे गेल्या. शब्दही त्याच्याकडेच गेला. हिशेब सरळ आहे."

तिसरा कप्तान आता फरश्यांचं दुकान चालवत होता. गिऱ्हाईक समजून त्याने टपालताईंना आधी बसवलं, तीन नमुने दाखवले आणि मग ऐकून घेतलं.

"आठवणी आल्या होत्या, नाही कशाला म्हणू? पण जाताना मी त्या चौथ्याला दिल्या की! माझ्याकडे आता ही घसरत नाही ती फरशी, एवढंच उरलंय."

"फक्त दहा मिनिटं हो. एकटी बाई आहे."

"ताई, मी इस्पितळात गेलो की मला चक्कर येते. मग तिने माझा हात धरायचा की मी तिचा?"

चौथा कप्तान सेटवर सापडला, चेहऱ्याला रुपेरी रंग फासून खुर्चीत घोरत. त्याने अर्धवट डोळ्यांनी ऐकलं.

"एकशे सत्तराव्या भागात माझी स्मृती जाते, ताई. मला काही आठवत नाही."

"एकशे एकाहत्तराव्यात परत येते."

"तुम्ही बघता?" चौथा एकदम जागा झाला. "घरी माझी बायकोसुद्धा बघत नाही."

तो कदाचित तयारही झाला असता. पण पाठीमागे व्यवस्थापक उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मालिका महिनाअखेर बंद करायची, असं वरून आलेलं पत्र त्यांच्या खिशात होतं. बुडत्या माणसाला काडी दिसल्यावर येते तशी चमक त्यांच्या डोळ्यांत आली.

"एक कशाला?" ते म्हणाले. "तिन्ही कप्तान! एका खाटेभोवती! कॅमेरा लावू. लोक रडतील, ताई, लोक रडतील!"

"तिला भीती वाटतेय साहेब. तिथे कॅमेरा—"

"भीती दिसली पाहिजे चांगली. उजेडाचं मी बघतो."

कॅमेरा येणार म्हटल्यावर दुसऱ्याचे गुडघे बरे झाले आणि तिसऱ्याची चक्कर थांबली. बुधवारी दुपारी सेटवर तालीम ठरली. इस्पितळाची खाट म्हणून बर्फाची पेटीच उलटी घालून वर चादर टाकली आणि रुग्ण म्हणून लाइटवाल्याला झोपवलं.

"आधी मी आत येणार," दुसरा म्हणाला. "मी ज्येष्ठ."

"कप्तान आज मी आहे," चौथा म्हणाला. "तुम्ही माझा भूतकाळ."

"भूतकाळ असेल तुझा बाप!"

"उजवा हात मी धरतो," तिसरा म्हणाला, "आणि मागे भिंतीवर आमच्या दुकानाचा छोटासा फलक..."

"उजवा माझा!"

"अहो, हात माझा आहे," खालून लाइटवाला म्हणाला. पण तोवर दुसऱ्याने उजवा धरला होता आणि तिसऱ्यानेही उजवाच धरला होता. चौथ्याने नाइलाजाने डाव्याला हिसका दिला. तिघांचा भार एकदम पेटीवर आला. पेटी एकतीस वर्षांची होती. ती मधोमध बसली आणि रुग्ण चादरीसकट आत गेला. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचं मनगट सुजलं होतं. उद्या आपलंच ऑपरेशन असावं तसा चेहरा करून तो कोपऱ्यात जाऊन बसला.

तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला. व्यवस्थापकांनी परवानगी मागितली होती, तिचं उत्तर मुख्य नर्सबाई स्वतः देत होत्या. त्यांचा आवाज फोनपासून चार हातांवर ऐकू येत होता.

"कॅमेरा नाही. गर्दी नाही. आठ वाजता एक माणूस. रुपेरी रंग तर मुळीच नाही, मी आत्ताच सांगून ठेवते!"

फोन ठेवल्यावर दुसऱ्याने गुडघ्यावर हात ठेवला. तिसऱ्याला दुकान आठवलं. चौथा म्हणाला, "रंग काढायलाच दोन तास जातात हो." व्यवस्थापकांनी खिशातलं पत्र काढून पुन्हा एकदा वाचलं आणि ते कोणाशी न बोलता निघून गेले. पाच मिनिटांत तिथे मोडलेली पेटी आणि टपालताई, एवढंच उरलं.

संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीतून त्यांनी वॉर्डात फोन लावला. एकतीस वर्षांत पत्राचं उत्तर त्या पहिल्यांदाच तोंडी देत होत्या.

"मी कप्तानांच्या कार्यालयातून बोलते. उद्याचं... कप्तानांना जमत नाहीये, बाई. फार वाईट वाटतंय मला."

"कुठला कप्तान येणार होता?" पडदे शिवणारीने विचारलं.

"तसे तिघेही येणार होते."

"अगं बाई! तिघांना कोणी बोलावलं?" ती हसली, आणि हसताना तिला धाप लागली. "दुसऱ्याला मी एकदा पाहिलंय. एका दुकानाचं उद्घाटन करायला आला होता. मी म्हटलं, कप्तान, माझा खोकला बरा झाला. तर माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, रांगेत या. तेव्हाच मला कळलं, पत्रं लिहिणारा कोणी निराळा आहे."

टपालताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"टीव्हीवरचा कप्तान ग्रह वाचवत हिंडायचा. पत्रातला मला विचारायचा, रात्री झोपताना पाय कोरडे करतेस का? खोकल्याला कोमट पाणी घे. आईशी भांडलीस तर जेवायच्या आधी मिटव. तीन चेहरे झाले, पण एकदाही जेवलीस का विचारायचं राहिलं नाही. अंतराळातला माणूस असं विचारतो होय?"

"मला लढाईचं काही लिहिताच येत नव्हतं," टपालताई कशाबशा म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीच!"

ही कबुली त्यांनी एकतीस वर्षांत कोणाला दिली नव्हती. निर्मात्यांना दिलेला शब्द असा क्षणात सुटलेला पाहून त्यांनी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

"हो. पण मी म्हातारी बाई आहे गं. गुडघे दुखतात, टोपी नाही, काही नाही. तुझी निराशा होईल."

"आठ वाजता या," पलीकडचा आवाज आता बारीक झाला होता, नऊ वर्षांच्या मुलीचा असावा तितका. "नऊला नेतात. याल ना?"

"येते. जेवलीस का?"

"आज द्यायचं नाही म्हणालेत."

"बरं. मग नीज आता."

गुरुवारी टपालताईंनी पहाटेची प्रार्थना नेहमीपेक्षा लवकर उरकली. जिन्याखालच्या खोलीची किल्ली शेजारणीकडे दिली आणि म्हणाल्या, "साहेबांचा माणूस आला तर दे. म्हणावं, आज ताई बाहेरच्या कामावर आहेत."

बस जवळजवळ रिकामी होती. त्या खिडकीशी बसल्या आणि त्यांनी इस्पितळाचं तिकीट मागितलं.

"परतीचंही देऊ का, आजी?" कंडक्टरने विचारलं. "स्वस्त पडतं."

"नको," त्या म्हणाल्या. "तिला शुद्ध यायला किती वेळ लागेल, कोणास ठाऊक."