दंडावरची पट्टी

थोरल्याचं वागणं माईंना पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. आठ दिवसांसाठी पाहुणा म्हणून आला आणि कपातला चहा संपायच्या आत घरातला साहेब झाला. कारखान्यात माल तपासायची नोकरी. त्यामुळे आईलाही तो मालासारखी उलटीसुलटी करून बघायला लागला.

अण्णांना विसरण्याचा आजार. रोज सकाळी अंगावरची कालची औषधाची पट्टी काढायची आणि नवी चिकटवायची, एवढं काम माई दोन वर्षं बिनबोभाट करत होत्या. थोरल्याने फ्रिजवर तक्ता लावला. वेळ, जागा, सही. माईंची शाळा तिसरीत सुटलेली; सही करायची तर जीभ बाहेर काढून मांडी ठोकून बसावं लागे. पट्ट्या रोज वेळेवर लागल्या, पण तीन दिवसांत दोन सह्या राहिल्या. झालं. आईला आता हे झेपत नाही, असा निकाल थोरल्याने दिला. अण्णांना वृद्धाश्रमात ठेवायचं. फॉर्म भरूनही झाला होता, नेऊन द्यायचा तेवढा बाकी.

"बावन्न वर्षं सांभाळलं यांना," माई म्हणाल्या, "ते कुठल्या तक्त्यात लिहिलंय?"

त्या सकाळी पट्टी थोरल्याने स्वतः लावली, दंडावर. माईंनी सांगून पाहिलं, की बाबा रे, पाठीवर लाव, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे त्यांचा हात पोचत नाही. पण दंडावर असली की तपासायला सोपी, म्हणे. मग त्याने सही ठोकली ती अशी, जणू नदीवर पूल बांधून पुरा केला.

आधी गावातली कामं उरकून मग तो वृद्धाश्रमात जाणार होता. दारात वाकून बूट बांधत असताना अण्णांनी मागून येऊन त्याच्या मानेवर हात फिरवला. थोरल्याने नाडी सोडून मान आणखी खाली केली. माईंनाही वाटलं, चला, आज ओळखलं पोराला.

अण्णा अंघोळीला राजी होईपर्यंत दुपार झाली. सदरा काढला तर दंड कोरा. माईंनी उशा झटकल्या, साबणाच्या डबीत पाहिलं, मांजराला उताणं करून त्याचं पोट तपासलं. मांजर ओरखडून निघून गेलं. शेवटी त्यांनी अण्णांनाच विचारलं. अण्णांनी चाळीस वर्षं गोदामात पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

"माल गेला," ते शांतपणे म्हणाले.

"कुठला माल?"

"बाहेर जायचा होता तो. चिठ्ठीशिवाय सोडतात का?"

माईंनी दाराकडे पाहिलं. सकाळपासून घरातून एकच नग बाहेर गेला होता, बूट घालून.

थोरल्याचा फोन लागेना. तेवढ्यात वृद्धाश्रमाचाच फोन आला, की तुमचा पेशंट पोचला, खुर्चीत बसवलाय, काळजी नसावी. माईंनी अण्णांना सदरा चढवला, रिक्षा थांबवली आणि दोघं निघाले.

थोरला चाकांच्या खुर्चीत होता. तोंड पिठासारखं पांढरं, मांडीवर बादली. व्यवस्थापिका बाईंनी हळू आवाजात माईंना सगळं सांगितलं. गृहस्थ घामाघूम होऊन आले, दोनदा ओकले. नाव विचारलं तर फॉर्मवर बोट ठेवलं. आज वार कुठला, तेही सांगता येईना. वयाच्या मानाने आजार फारच पुढे गेलाय.

"आई," थोरला कण्हला.

"आईची ओळख आहे अजून," बाई कौतुकाने म्हणाल्या.

माईंनी त्याची कॉलर खाली ओढली. मानेवर पट्टी, काठ न काठ दाबून बसवलेली. अण्णांचा हात मुरलेला होता. माईंनी ती सोलून काढली, चिकट बाजू आत घेऊन दुमडली, मान पाण्याने धुतली आणि बाईंना डॉक्टर बोलवायला पिटाळलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, तासभर समोर बसवून ठेवलं आणि घरी न्यायला हरकत नाही म्हणाले. तोवर अण्णा त्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून त्याला रुमालाने वारा घालत होते. हा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. बरं नाही, एवढं कळत होतं.

बाईंनी बिचकत फॉर्म पुढे केला, की मग याचं काय करायचं? थोरल्याने आईकडे पाहिलं. माईंनी फॉर्मची घडी घालून कमरेला खोचली.

"वार सांगता आला नाही तुला," त्या म्हणाल्या. "म्हणून टाकून जातेय का मी तुला इथे? मग तेही घरीच राहतील. ऊठ आता, आणि बाईंची बादली धुऊन दे."