चाळीस आखूड पट्ट्यांची बखर

श्री. जिच्यातून पलीकडचे दिसते आणि जिच्यात आपले तोंडही दिसते, त्या काचेस प्रथम नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी काचमहालाच्या राज्यात जे वर्तमान जाहले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि आमच्याच हातून घडले, तैसे लिहितो. लिहिताना मान वर होत नाही, सबब अक्षर वाकडे आले तर वाचणारांनी क्षमा करावी.

राज्य बावीस मजल्यांचे, भिंती अवघ्या काचेच्या. काच पुसणारे शिलेदार दोरावर लोंबकळत, हाती अठरा इंची वायपर, त्यास पोलादी पट्टी आणि पट्टीच्या खाचेत रबर. रबराची धार महिनाभरात जाते, मग नवे घालावे लागते, आणि नवे रबर येते लांबलचक गुंडाळीने. ते कापण्याचे काम एकोणीस वर्षे चांगुणाबाई यांजकडे. त्यांची रीत ऐसी की सकाळी गुंडाळी उलगडून मेजावर सैल सोडावी आणि दुपारपावेतो हात लावू नये, मग शेजारी पोलादी पट्टी मांडावी आणि तिच्या दोन्ही टोकांशी तांदळाचा एकेक दाणा ठेवावा, आणि दाण्याइतके रबर जास्त धरून, पाते पाण्यात बुडवून, उभ्या एका दाबात कापावे. जास्त अशाकरिता की पोलादाचे टोक काचेस भिडू नये. आम्ही पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन नुकतेच मोजणीदार म्हणोन रुजू जाहलो होतो. कोणत्या कामास किती वेळ लागतो ते मोजावे आणि कमी करावे, ही आमची सनद. रबर मेजावर निवांत पडलेले पाहून आम्ही पुसिले, "मावशी, हे काय चाललंय?" बाई बोलिल्या, "निजलंय ते. गुंडाळीत आखडलेलं असतं, आळोखेपिळोखे दिल्याबिगर सरळ होईना." आम्ही हसलो आणि म्हणालो, "रबर काय लेकरू आहे निजायला?" त्या म्हणाल्या, "लेकरू बरं की, साहेब. लेकराला कळत नाही म्हणून ते शिकतं तरी." शिलेदारांत हशा पिकला आणि आमचे कान तापले.

मग वर्तमान आले की परमुलुखीचे वकील उदयिक येणार, महाल पाहून करार करणार, तर चाळीस वायपरांस नवे रबर आजच पाहिजे. बाईंनी दुपारपावेतो मुदत मागितली. आम्ही भर कचेरीत सरकारांस अर्ज केला की हे काम एका तासाचे आहे, आणि सरकारांनी आमची पाठ थोपटिली. मग आम्ही दोन शिलेदारांकरवी रबर दोहीकडून ताणून धरविले, की बाक निघून सरळ व्हावे, आणि वरी पोलादी मोजपट्टी ठेवून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खुणा केल्या. चांगुणाबाई बोलिल्या, "ताणू नका हो. ताणलेलं माघारी येतं." हे वाक्य आम्ही परीक्षेत सूत्राने लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. तरी म्हणालो, "मावशी, मोजायचं माझ्यावर सोडा, तुम्ही कापा." त्यांनी पाते बुडविले आणि आमच्या खुणेवर चाळीस वेळा कापिले. एकही काप तिरका गेला नाही.

काप होताच रबर सैल पडले. भैरू शिलेदार एक पट्टी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, आखूड वाटतंय." आम्ही मोजिले. खाचेहून सहा मिलिमीटर आखूड, म्हणजे सव्वा टक्का. चूक कोणती आणि कोणाची, हे त्याच क्षणी कळले. पण सरकारांनी पाठ थोपटून घटकाही जाहली नव्हती, सबब आम्ही म्हणालो, "ओढून बसवा." त्यांनी ओढून बसविले.

दुसरे दिवशी शिलेदार दोरावर चढले आणि पुसू लागले, आणि पुसता पुसता रबर माघारी आले, पोलादाचे टोक उघडे पडले, त्याखाली धुळीचे खडे सापडले. एकोणिसाव्या मजल्यावर दरबार भरला, ऊन काचेवर आले, आणि समोरच्या काचेवर शेकडो बारीक चरे एकदम चमकले. वकिलांनी एका चऱ्यावरून नख फिरविले आणि रुमालास बोट पुसले. करार राहिला. सरकार कोपले आणि पुसिले, "रबर कोणी कापलं?" चांगुणाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "मी कापलं." मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मनात ऐसे धरिले की प्रश्न कापण्याचा आहे, खुणेचा नाही, आणि जमिनीकडे पाहिले. भैरूचे तोंड उघडले, तो बाईंनी हातानेच त्यास थांबविले. बाईंचे पाते काढून घेतले, त्यांस तळघरातल्या वाहनतळावर झाडूकामास धाडिले, आणि पाते कोणास दिले म्हणाल तर आम्हांस. जाताना त्या इतुकेच बोलिल्या, "पातं कोरडं पुसून ठेवत जा."

तेव्हापासून आम्ही सकाळी गुंडाळी उलगडतो आणि दुपारी तांदळाचे दाणे मांडून कापतो. काप सुबक येतो. सरकार म्हणतात, "पाहा, शिकलेला माणूस!" आणि आमच्या मेजासमोरच्या काचेवर रोज चार वाजता ऊन येते आणि चरे उजळतात, ते पुसून जात नाहीत.

काल तळघरात जाऊन म्हणालो, "मावशी, तुमची रीत कागदावर उतरवतो, वर तुमचं नाव घालतो." त्या केर लोटीत होत्या, लोटीतच राहिल्या आणि बोलिल्या, "माझं नाव कापण्यात लागलंय, तेवढं पुरे. खूण कुणाची होती, ते लिवा की."

सबब हा कागद आणि त्यावर ते पाते, दोन्ही आज भर कचेरीत सरकारांच्या मेजावर ठेवीत आहे. सारांश इतुकाच: काप चांगुणाबाईंचा, तो सरळ होता. खूण माझी होती.