अण्णांची सरळ फळी

"अण्णा, चहा-साखरेच्या डब्यांसाठी एक छोटीशी फळी करून द्याल?" लेकीने फोनवर विचारलं आणि अण्णांचा ऊर भरून आला. लग्न झाल्यापासून लेक बारीकसारीक सगळं जावयालाच सांगायची. आज पहिल्यांदा तिला बापाची आठवण झाली होती.

अण्णांनी जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेले. सरळ रेषा म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. शिवाय ऑफिसच्या मंडळींनी निवृत्तीच्या वेळी दिलेली विजेची करवत कोपऱ्यात धूळ खात होतीच. ती होती नक्षी कापायची, स्क्रोल सॉ. पातं दोऱ्याएवढं आणि वळणं घेण्यात पटाईत. सरळ जाणं मात्र तिच्या स्वभावातच नव्हतं.

पहिल्या फळीवर अण्णांनी सुरेख रेघ मारली. पातं चार बोटं रेघेवरून गेलं आणि हळूच उजवीकडे सटकलं. अण्णांनी फळी जरा जास्तच वळवली, तर ते डावीकडे पळालं.

"हे काय? नदी काढलीत?" बायकोने विचारलं.

"कडेने थोडं कापलं की होईल सरळ."

कडेने कापलं, तिथेही नदीच झाली. असं करता करता फळीची पट्टी झाली. डबे सोडाच, त्यावर काडेपेटीही टिकली नसती. लाकूडवाल्याकडे तर इतके हेलपाटे झाले की एकदा तो म्हणाला, "साहेब, बंगला बांधताय का?"

अण्णांची झोप उडाली होती ती जावयामुळे. जावई दातांचा डॉक्टर. स्वयंपाकघरातली भिंत त्याने स्वतः लिंपली होती. 'दात भरण्यासारखंच असतं,' म्हणत तिचे फोटो त्याने नातेवाइकांत वाटले होते. "त्याने अख्खी भिंत लिंपली आणि मला साधी एक रेघ कापता येऊ नये?" अण्णा चिडचिड करत.

शेवटी एकदा अण्णांच्या लक्षात आलं. पात्याची ओढ कायम एकाच बाजूला असते, तेव्हा फळीच किंचित तिरकी धरून हळूहळू पुढे सारायची. सरळ जाण्यासाठी तिरकं धरणं त्यांच्या जिवावर आलं, पण धरलं. कापलेल्या कडेला त्यांनी मोजपट्टी लावून पाहिली. उजेडाची तिरीपसुद्धा दिसेना! बायकोनेही चष्मा लावून बघितलं आणि मान डोलावली. अण्णा ती फळी शालीत गुंडाळून बायकोसह लेकीकडे गेले.

जावयाने आपण लिंपलेल्या त्या भिंतीत खुंट्या ठोकूनच ठेवल्या होत्या. फळी ठेवली आणि ती डुगडुगली. मध्यभागी भिंतीला टेकत होती, दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट. लेकीने वर ठेवलेला चमचा त्या फटीतून खाली पडला.

अण्णांनी एक डोळा मिटून पाहिलं. भिंतीला मधोमध चांगलं पोट सुटलं होतं! त्यांचं तोंड आनंदाने उघडलं. तेवढ्यात त्यांना जावई दिसला. तो भिंतीवरून हात फिरवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"अण्णा, भिंतच तर नाही ना..."

"छे हो! फळी वाकडी आहे. नवशिका माणूस मी."

बायको काही बोलणार, तोच अण्णांनी तिच्या पायावर पाय दिला. जावयाचा चेहरा लगेच खुलला. "होतं असं सुरुवातीला. सरळ कापायला सराव लागतो, अण्णा. मला भिंत जमली, तुम्हालाही फळी जमेल."

"बघतो प्रयत्न करून," म्हणत अण्णांनी भिंतीचं पोट पेन्सिलीने फळीवर उतरवून घेतलं.

लेक खालपर्यंत सोडायला आली. "अण्णा, भिंत वाकडी आहे ना?"

"तुला माहीत होतं?"

"म्हणून तर सुताराला नाही बोलावलं. तो ह्यांच्या तोंडावर सांगून मोकळा झाला असता. म्हटलं, तुमची फळी वाकडीच येणार, दोष तिच्यावर जाईल. तुम्ही सरळ कापून आणाल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं हो!"

रागवावं की हसावं, अण्णांना कळेना. मग त्यांनी फळी काखेत मारली.

"गेला की दोष फळीवर," ते म्हणाले.