बसम्मा अज्जीची सरकारी कवळी

सरपंच व्यंकटराव रोज सकाळी बसम्मा अज्जीच्या पाया पडत. अज्जीच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. ती हातवारे करून, जीव तोडून काहीतरी सांगे. ऐकणाऱ्याला मात्र नुसतं "फाफा फूफू" कळे.

"अज्जी म्हंती, शंभर वर्षं जग," व्यंकटराव बरोबरच्यांना सांगत. अज्जी कपाळावर हात मारून घेई. तोही आशीर्वादच ठरे. आता काय बोलावं!

लातूर जिल्हा नवा झाला आणि लगेच पावसानं दडी मारली. नवे कलेक्टर दुष्काळ बघायला गावात येणार, अशी वर्दी आली. त्यातच सरकारी दवाखान्यात साठीपुढच्यांना फुकट कवळी मिळते, असं कळलं. व्यंकटरावांनी अज्जीला जीपमध्ये घातलं आणि लातूर गाठलं. का, तर साहेबांपुढं आशीर्वाद खणखणीत ऐकू जावा! डोकं बघा माणसाचं.

"ती काय म्हंती ते इचारलं का कधी?" बायको सिंधुबाईनं टोकलं.

"आशीर्वादाला काय इचारायचं? गप बस तू."

कवळी हाती आली त्याच दिवशी कलेक्टर आले. हारतुरे झाले. व्यंकटराव साहेबांदेखत वाकले. "बोला अज्जी, मोठ्यानं बोला!"

अज्जीनं अंगठ्यानं कवळी दाबून बसवली.

"मुडद्या! सहा म्हैने झालं, रोज सांगायलेय! टँकर तुझ्या हिरीत रिकामा करतोस. आमच्या गल्लीला पाणी कवा देतोस? घागर वाहून मान मोडली की रे माझी!"

व्यंकटराव घाईघाईनं मध्ये पडले. "म्हातारं माणूस हाय साहेब, काहीबी बोलतंय."

"विहीर बघू," साहेब म्हणाले.

भर दुष्काळात विहीर निम्म्याच्या वर भरलेली. "झरा फुटला, साहेब. देवाची किरपा." काठावर टँकर उभा होता आणि त्याचा पाइप अजून विहिरीतच होता.

साहेबांनी उभ्याउभ्या हुकूम काढला. दुसऱ्याच दिवशी अज्जीच्या दारात टँकर आला. पहिली घागर भरताना अज्जीला रडूच फुटलं.

संध्याकाळी व्यंकटराव गोड आवाजात म्हणाले, "अज्जी, कवळी ढिली झाली आसंल. द्या, लातुरातून घट्ट करून आणतो."

"काढून घेऊन बघ की. चावतेच तुला!"

सकाळी व्यंकटरावांनी दार उघडलं, तर अंगणात गावातले झाडून सगळे बोळक्या तोंडाचे म्हातारे-म्हाताऱ्या बसलेले. चंद्रप्पा काठी टेकत पुढं आला आणि हिरड्यांनीच, पण एकेक शब्द सुटा करत म्हणाला,

"सरपंच, आमच्याबी कवळीचा अर्ज भरा. आमचंबी लई बोलायचं राहून गेलंय."