बेताची बोंब

एका जंगलात, मुलांनो, नदीपासून राजा गव्याच्या गुहेपर्यंत खबर पोहोचवायला वानरांची रांग होती. एकेका झाडाच्या ढोलीत एकेक वानर. ढोलीला दार, आणि दाराबाहेर तांबड्या मुंग्या टपलेल्या.

दाराला हलका धक्का बसला तर दोन-चार मुंग्या आत येत. वानर त्या झटकून गप्प बसे. पण जोराचा धक्का बसला की दार सताड उघडे आणि सगळ्या मुंग्या एकदम आत. मग वानर बेंबीच्या देठापासून बोंब मारी आणि उड्या मारताना शेजाऱ्याच्या दाराला लाथ घाली. मुंग्या वेचून बाहेर टाकेपर्यंत ते पुन्हा ओरडत नसे. अर्धी बोंब कुणालाच येत नव्हती. त्यामुळे नदीवरची बोंब गुहेत तेवढीच मोठी पोहोचायची.

तुमच्या अंगातल्या मज्जातंतूंतही हेच चालतं. मुंग्यांऐवजी मिठाचे कण आत शिरतात, एवढंच. म्हणून तव्याला बोट लागलं की तुम्ही हात झटकन मागे घेता, सभा भरवत नाही.

सल्लागार बगळ्याला हे रानटी वाटलं. "महाराज, प्रत्येक गोष्टीला सारखीच बोंब? काही प्रमाण हवं. आणि मुंग्या तर हिंसक आहेत."

राजाची झोपमोड होतच होती. मुंग्या हद्दपार झाल्या. वानरांना हुकूम गेला, ऐकलं तेवढंच बेतानं पुढे सांगा.

महिन्याभरात नदीकाठी वणवा लागला. साळूबाई साळिंदरीची तीन पिल्लं बिळात अडकली. हत्तींनी पाणी मारलं तरच ती वाचणार होती, आणि हत्ती राजाच्या हुकमाशिवाय हलत नसत. तिनं पहिलं दार ठोठावलं.

"भाऊ, आग लागलीय हो. पोरं आत आहेत माझी."

पहिलं वानर म्हणालं, "आग." दुसरं म्हणालं, "आग असावी." दहावं म्हणालं, "आज उकडतंय." शेवटचं नुसतं खाकरलं.

"याला ज्येष्ठमध द्या," राजा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

हत्ती येईनात, तेव्हा साळूबाई स्वतः धावत गुहेत आली. पाठ फिरवून तिनं सगळे काटे राजाच्या ढुंगणात रोवले. राजानं अशी बोंब मारली की हत्ती तोच हुकूम समजून नदीकडे धावले. पिल्लं वाचली. त्यांना पोटाशी धरून साळूबाई खूप रडली.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर खटला भरला.

"रीतसर कळवायचं ना, बाई," बगळा म्हणाला.

"कळवलं की."

"मग उत्तराची वाट पाहायची."

तिचे काटे जप्त झाले. एवढ्या वणव्यातही वानरांची एक बोंब ऐकू आली नाही, म्हणून बगळ्याचा सत्कार झाला. राजाला बसता येत नव्हतं, त्यामुळे सत्कार उभ्यानंच उरकला.

तात्पर्य: पोरं वाचवायला हरकत नाही, पण ती राजाची झोप न मोडता वाचवावीत.