पहिल्या रांगेचं धोरण

मनुष्य हा रांग लावणारा प्राणी आहे, आणि रांगेचा निसर्गनियम असा की एक पुढे आली की दुसरी आपोआप मागे जाते. या नियमाला आजवर कोणी आव्हान दिलं नव्हतं. ते आमच्या नृत्यशाळेने दिलं, याचा व्यवस्थापक या नात्याने मला सार्थ अभिमान आहे.

शाळा माझ्या बायकोची. तिला सगळे ताई म्हणतात, त्यामुळे घाईगर्दीत मीही म्हणून जातो. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर मी शाळेचा कारभार हाती घेतला. मला नाचातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे माझे निर्णय निःपक्षपाती असतात. वर्ग एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर भरतो. मुलं उड्या मारू लागली की खाली रचलेले पाव ढासळतात (बेकरीवाल्याची याबाबत तोंडी तक्रार आहे, लेखी आल्यास विचार करू).

नृत्यशाळा चालवण्यात सुख पुष्कळ आहे. कालपर्यंत ज्याला डावा पाय कोणता हे ठाऊक नव्हतं, ते पोर एक दिवस अचानक तालावर गिरकी घेतं, आणि त्या दिवशी ताई आमटीत मीठ घालायला विसरते. अडचण म्हणाल तर एकच, पालक. तसे पालक सज्जन असतात. फक्त वार्षिक कार्यक्रम जवळ आला की त्यांना एक शंका येते, आणि ती सगळ्यांना एकाच आठवड्यात येते.

"सर, आमची पहिल्या रांगेत आहे ना?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने काढली त्याने नृत्यशाळा चालवलेली नसावी. इथे नाच येवो न येवो, अंगण कसंही असो, त्याचा पुढचा भाग मिळाल्याशी कारण.

गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर ताई मेकअपच्या खोलीत एकटीच रडत बसली होती. मला ते फार लागलं. म्हणाली, "एक पोर नाचत नाही हो स्टेजवर. सगळी आईबाबांना शोधतात आणि हात हलवतात. यंदा एकतरी पोर सगळा नाच नाचलेलं मला बघायचंय. नाहीतर शाळेला कुलूप लावते आणि दिवसभर तुमच्यासमोर घरी बसते."

वाक्याचा उत्तरार्ध गंभीर होता. मी तातडीने धोरण आखायला घेतलं.

यंदाचा नाच होता 'जंगलातली सकाळ'. मूळ आराखड्यानुसार पुढे हरणं, मध्ये ससे आणि मागे झाडं. आठवडाभरातच झाडांच्या पालकांचं शिष्टमंडळ आलं. त्यांचे पुढारी दंतवैद्य होते. ते म्हणाले, "आमच्या मुलीला नाचायला घातलंय, उगवायला नाही." मुद्दा बिनतोड होता. पालकांच्या विनंतीवरून जंगलातली सर्व झाडं तोडण्यात आली.

मग सशांच्या आया आल्या. ससे लहान दिसतात, म्हणून त्यांना सरसकट हरणपदी बढती दिली. आता जंगलात झाडं नव्हती, ससे नव्हते, नुसती हरणं होती आणि तरीही त्यांच्या तीन रांगा होत होत्या. मी रांगांची नावं बदलली: पहिली रांग (मुख्य), पहिली रांग (विस्तारित) आणि पहिली रांग (राखीव). चार दिवस सगळीकडे आनंदीआनंद होता. मग एका वकील आईने विचारलं, "विस्तारित म्हणजे दुसरीच ना हो?" कायद्याचं शिक्षण समाजाला कुठे नेतंय, हा वेगळा विषय आहे.

त्यानंतर फिरत्या रांगांचा प्रयोग झाला. थोड्या थोड्या वेळाने मागच्यांनी पुढे यायचं, पुढच्यांनी मागे जायचं. तालमीत मुलं नाचेनाशी झाली आणि नुसती एकमेकांच्या पायावर पाय देत इकडून तिकडे जाऊ लागली. बेकरीवाला स्वतः वर आला आणि म्हणाला, "साहेब, भूकंप झाला तरी एवढे पाव पडत नाहीत."

शेवटी अंतिम तोडगा निघाला. एकच रांग, या विंगेपासून त्या विंगेपर्यंत, रंगमंचाच्या अगदी कडेला. कोपराला कोपर लागत असल्याने हात वर करणं रद्द केलं. एकाने गिरकी घेतली की चौघं पडत, म्हणून गिरकी रद्द केली. उड्या सुरक्षेच्या कारणास्तव रद्द केल्या. राहिलं ते गुडघ्यात किंचित वाकणं आणि हसणं. शंभर टक्के पालक समाधानी झाले (उरलेल्यांना विचारलं नाही).

फक्त एका मुलीला जागा पुरेना. तिला सगळे चिमणी म्हणत. तिचे आजोबा तिला सोडायला येत आणि जिन्यात बसून पेंगत; रांगेबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. मी ताईला म्हणालो, "हिला मागे उभी करू. हिच्या घरच्यांची हरकत नाही."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की खात्यातसुद्धा माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं. मग ती चिमणीजवळ गेली. "बाळा, तू सगळा नाच करायचास. पहिल्या दिवशी शिकवला होता ना, तस्सा."

कार्यक्रमाच्या दिवशी पडदा उघडला आणि झाडून सगळे पालक मोबाइल उंचावून उभे राहिले. पुढे हरणांची भिंत वाकत होती, हसत होती. भिंतीमागे अख्खा रंगमंच मोकळा होता आणि त्यावर चिमणी एकटी नाचत होती. तिने रद्द झालेल्या सर्व गिरक्या घेतल्या. पाचोळा वाजतो, हरीण थबकतं, कान टवकारतं आणि मग जीव खाऊन पळत सुटतं, हा ताईचा लाडका तुकडा वर्षानुवर्षं वेळेअभावी गाळला जाई. तोही तिने केला. मला नाचातलं कळत नाही, हे वर नमूद आहेच. पण विंगेत माझ्या अंगावर काटा आला, आणि ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा तुटला.

पडदा पडताच आजोबा विंगेत आले. "आमची दिसलीच नाही हो. पुढे सगळे उभे."

"मागे होती, आजोबा," मी म्हणालो.

"असू दे मागे. नाचली ना?"

"नाचली," ताई म्हणाली.

मग डोळे पुसून ती माइकसमोर गेली. "शाळा पुढच्या वर्षीही चालू राहील," ती म्हणाली, "कारण आज इथे एक मूल खरोखर नाचलं. एकच."

आता खुर्च्या उडणार म्हणून मी दाराचा अंदाज घेतला. पण एकही खुर्ची हलली नाही. प्रत्येक पालक विनयाने मान खाली घालून आपल्या मुलाच्या नावाची वाट पाहत होता. नाव न घेताच ताई खाली उतरली, तेव्हा प्रत्येकाला तिचा संकोच समजला.

हे वाचणारे आपणही पालकांच्या तिसऱ्या ओळीत होतात. शेजारच्यांना कोपराने ढोसून "बघा, मी म्हटलं नव्हतं?" म्हणालात, ते मी ऐकलं. रेकॉर्डिंग आपल्याकडे असेलच. त्यात आपल्या बाळाच्या डाव्या कानामागे मधूनच कुणाचातरी हात वर येतो, त्याने चित्र बिघडतं, तो पुसून मिळेल का, ही आपली विचारणा दुसऱ्याच दिवशी मिळाली. ती विचाराधीन आहे.