मगननानांनी न केलेली बेरीज

“कसं काय शे, नाना?” असं विचारलं की मगननाना जरा विचार करून सांगत, “सहा.”

दहापैकी सहा. सर्दी असली की चार. एकदा वहिनींनी वांग्याचं भरीत केलं होतं, त्या दिवशी साडेआठ. त्याच्यावर ते कधी गेले नाहीत.

तालुका कचेरीत आम्ही समोरासमोर बसायचो. घरोघरच्या माहितीचे तक्ते आले की नाना बेरजा मारत, मी तपासून सही करी. तक्ते भरणारे वयाच्या रकान्यात ‘म्हातारा’ लिहीत, ढोरांच्या रकान्यात ‘पुष्कळ’. नाना म्हातारा खोडून साठ करत, पुष्कळचे बारा.

“शबदनी बेरीज व्हत नही, भाऊ.”

इथवर ठीक. पण रिकाम्या रकान्यातही ते शून्य घालत. मी म्हणे, “नाना, शून्य म्हणजे विचारलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे माहीत नाही. दोन्ही एक कसं?”

“लिखेल नही म्हंजे शे नही,” एवढं बोलून ते पुढच्या ओळीवर जात.

एका वर्षी माणसं कमी पडली आणि नानांच्या गल्लीतली चाळीस घरं माझ्याकडे आली. नानांच्या ओट्यावर बसून मी छापील प्रश्न वाचत गेलो. खोल्या दोन. गाय एक.

“मुलं किती?”

विचारल्यावर मला आठवलं. त्यांचा एकुलता मुलगा चार वर्षांपूर्वी डोंगरातल्या काठी गावची होळी बघायला म्हणून गेला, तो परतला नव्हता. पत्र नाही, निरोप नाही.

“एक,” चुलीपासून वहिनी म्हणाल्या.

मी लिहायला गेलो. नानांनी माझं मनगट धरलं.

“तो रकाना ऱ्हाऊ दे.”

“पण नाना, रिकामं म्हणजे तुम्हीच...” मी पुढचा प्रश्न वाचला.

तक्ता रिवाजाप्रमाणे त्यांच्याच टेबलावर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. खोल्या, ढोरं, विहिरी, सगळ्या बेरजा बिनचूक. मुलांच्या रकान्याखाली मात्र काहीच नव्हतं. एकोणचाळीस घरांची मुलं नीट ओळीत उभी होती. बेरीज करायची तर चाळिसाव्या घरापुढे आधी काहीतरी मांडावं लागलं असतं.

“नाना, ही बेरीज?”

ते दौतीचं झाकण लावत होते.

“व्हत नही, भाऊ.”

अपुऱ्या तक्त्यावर मी तोवर कधी सही केली नव्हती. त्या दिवशी केली.